व्यसन : घरातलं न बोललं जाणारं दुखणं

आपल्या ग्वाल्हेरला किल्ल्यासाठी, तानसेनासाठी आणि गजकासाठी सगळे ओळखतात. पण आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसतं की देशभरातल्या अफूच्या कायदेशीर शेतीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालयही आपल्याच शहरात, मुरारमध्ये आहे. १९६० साली ते शिमल्याहून इथे आलं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांतल्या शेतकऱ्यांना खसखशीची लागवड करण्याचे परवाने याच खात्याकडून मिळतात. त्या अफूपासून मॉर्फिन, कोडीन अशी औषधं तयार होतात.

इतिहासात मागे गेलं तर संबंध आणखी जवळचा निघतो. मंदसौर-नीमच हा माळव्यातला अफूचा पट्टा शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातच होता. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारात संस्थानिक, सावकार आणि इंग्रज सरकार या सगळ्यांनीच पैसा मिळवला. कॅन्सरच्या रुग्णाच्या असह्य वेदना कमी करणारं औषध ज्या रोपातून येतं, त्याच रोपाने लाखो घरं धुळीला मिळवली. म्हणजे सगळा दोष त्या पदार्थाचा आहे असं म्हणता येत नाही आणि सगळा दोष माणसाचा आहे असंही नाही. व्यसन समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

"आपल्यात असं नसतं"

व्यसन म्हटलं की डोळ्यांसमोर गटाराशेजारी पडलेला माणूस येतो. आपल्या मराठी घरांत असं काही नसतं, अशी एक समजूत आपण जपून ठेवलेली असते. पण जरा आजूबाजूला पाहा. जेवणानंतर तळहातावर तंबाखू मळणारे काका, दुचाकीच्या डिक्कीत पुड्यांची माळ ठेवणारा भाचा, 'ऑफिसच्या पार्टीत घ्यावी लागते' म्हणत आता घरीही रोज घेणारे जावई, डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली झोपेची गोळी दहा वर्षं घेणाऱ्या आजी. रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर पैसे लावून खेळणारा कॉलेजचा मुलगाही याच यादीत येतो.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून एक देशव्यापी पाहणी करून घेतली होती. तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू घेतात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. अफूपासून बनलेले किंवा त्या जातीचे पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास आहेत. याच अहवालातला एक आकडा मनाला फार लागतो. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो. उरलेले ३७ जण कुणाच्या तरी घरात आहेत आणि ते घर गप्प आहे.

तंबाखूचं तर विचारूच नका. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत असल्याचं आढळलं. त्यांतले बहुतेक ती ओढत नाहीत, तोंडात धरतात. गुटख्यावर बंदी घालणारं पहिलं राज्य आपलं मध्य प्रदेश होतं, वर्ष २०१२. पण आजही टपरीवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी शेजारी-शेजारी लटकलेली असतात. दोन्ही फाडून एकत्र केल्या की झाला गुटखा. कायद्याची मदत होते, पण घरातलं काम कायदा करू शकत नाही.

हा स्वभावाचा दोष की आजार?

"मनात आणलं तर सोडता येते, याच्यात इच्छाशक्तीच नाही." व्यसनी माणसाबद्दल हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. इच्छाशक्ती लागते हे खरंच आहे, पण आत काय चाललेलं असतं तेही बघायला हवं.

भूक लागल्यावर जेवलो, कुणी कौतुक केलं, नातवाने गळ्यात हात टाकले की आपल्याला बरं वाटतं. तेव्हा मेंदूत डोपामिन नावाचं रसायन स्रवतं. 'हे चांगलं आहे, पुन्हा कर' असा त्याचा निरोप असतो. दारू, निकोटीन, अफू, गांजा हे पदार्थ हाच निरोप फार मोठ्या आवाजात देतात. सिगारेटच्या झुरक्यातलं निकोटीन काही सेकंदांतच मेंदूत पोचतं. हे रोज होऊ लागलं की मेंदू स्वतःच त्या आवाजाला बोथट होतो. मग आधीच्या मात्रेने काही वाटेनासं होतं आणि मात्रा वाढते. पुढे घेतली नाही की हात थरथरतात, घाम फुटतो, जीव कासावीस होतो, चिडचिड होते. सुरुवातीला मजेसाठी घेणारा माणूस आता नुसतं धड वाटावं म्हणून घेत असतो. 'त्याला त्यात मजा येते म्हणून पितो' ही घरच्यांची समजूत या टप्प्यावर चुकीची असते.

सगळ्यांनाच व्यसन लागतं असं नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. लहान वयात सुरुवात होणं, मनातलं न बोललेलं दुःख, नैराश्य, एकटेपणा आणि हाताशी सहज माल मिळणं यांचाही आहे. परिसराचा वाटा किती मोठा असतो हे अमेरिकेत दिसून आलं. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे वीस टक्के जण तिथे हेरॉइनच्या आहारी गेले होते. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी ते मायदेशी परतल्यावर त्यांचा अभ्यास केला. पहिल्या वर्षात त्यांतले अवघे पाच टक्क्यांच्या आसपास पुन्हा आहारी गेले होते. रणभूमी, भीती आणि ते मित्र मागे राहिले होते. इथे घर, काम आणि माणसं होती. आपल्यासारख्या कुटुंबांनी यातून घ्यायचा धडा असा की व्यसनी माणसाभोवतीचं वातावरण बदलणं हाही उपचाराचाच भाग आहे.

आपल्याला किंवा आपल्या माणसाला मदतीची गरज आहे का, हे ओळखायला डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. दारू कमी करायला हवी असं कधी वाटलं आहे का? कुणी दारूवरून बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटतं का? सकाळी उठल्यावर अंग ताळ्यावर आणायला घ्यावी लागते का? यांतल्या दोन प्रश्नांना 'हो' असं उत्तर आलं तर डॉक्टरांना भेटायची वेळ झाली आहे असं समजावं.

सिंधूचं चुकलं का?

मराठी माणसाला व्यसनाची गोष्ट नवी नाही. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं आणि बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडवलं. गडकरी मात्र हा प्रयोग बघायला हयात नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत ते गेले.

नाटकातला सुधाकर हा हुशार, मानी वकील. सनद रद्द होण्याचा अपमान त्याला सहन होत नाही आणि तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. दुःख विसरण्यासाठी घेतलेला तो प्याला पुढे सगळं घर खातो. या नाटकातली एक गोष्ट आपण सहसा लक्षात ठेवत नाही. सुधाकर मधे एकदा दारू सोडायचा निश्चय करतो आणि काम मागायला ओळखीच्यांकडे जातो. पण दारुड्याला कोण जवळ करणार? अपमान पदरात घेऊन तो परत प्याल्याकडे वळतो. शंभर वर्षांपूर्वी गडकऱ्यांनी दाखवलेली ही गोष्ट आज प्रत्येक समुपदेशक सांगतो. सोडणाऱ्याला समाजाने जागा दिली नाही तर सोडलेलं टिकत नाही.

आणि सिंधू? ती दळण दळते, उपाशी राहते, पतीविरुद्ध शब्द ऐकून घेत नाही. आपण तिला आदर्श मानलं. तिच्या काळात तिला दुसरी वाटही नव्हती. पण आजही कितीतरी घरांत सिंधूचाच आदर्श चालू आहे. 'ह्यांचं पोट बिघडलंय' असं बायको ऑफिसात फोन करून सांगते. आई मुलाची उधारी गुपचूप भागवते. भाऊ पोलीस चौकीतून सोडवून आणतो. 'लग्न करून द्या, जबाबदारी आली की सुधारेल' म्हणून एखाद्या परक्या मुलीचं आयुष्य पणाला लावलं जातं. मंडळाच्या कार्यक्रमाला सगळे नटूनथटून येतात आणि कुणी विचारलं तर 'ते टूरवर आहेत' हे ठरलेलं उत्तर.

यात प्रेम असतं, यात शंका नाही. पण परिणाम असा होतो की पिणाऱ्याला पिण्याची किंमत कधी मोजावीच लागत नाही. ती त्याच्या वतीने घरचे मोजतात. झाकण्याने आजार वाढतो आणि झाकणारे स्वतः आजारी पडतात. त्यांना रक्तदाब, निद्रानाश, नैराश्य जडतं. मुलं अभ्यासात मागे पडतात, घुमी होतात किंवा वयाआधी मोठी होतात. व्यसन एक जण करतो, आजारी सगळं घर पडतं.

मुक्तांगणची वाट

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात 'गर्द' म्हणजे ब्राउन शुगर पसरली. डॉ. अनिल अवचटांनी त्या मुलांमध्ये, त्यांच्या घरच्यांमध्ये हिंडून लेखन केलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि या मुलांसाठी काहीतरी करा म्हणून सांगितलं. अनिल अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं.

मुक्तांगणचं वेगळेपण असं की तिथे आलेल्याला गुन्हेगार मानलं गेलं नाही आणि 'बिचारा'ही मानलं गेलं नाही. शारीरिक त्रासावर औषधं, मग काही आठवड्यांचा निवासी कार्यक्रम. त्यात योग, श्रम, गटचर्चा, समुपदेशन. बरे झालेले अनेक जण पुढे तिथलेच कार्यकर्ते झाले. नव्याने आलेल्याला 'मीही इथेच, असाच आलो होतो' असं सांगणारा माणूस समोर असला की जे शंभर उपदेशांनी होत नाही ते होतं. पत्नींसाठी 'सहचरी' गट सुरू झाला, कारण घरच्यांनाही उपचार लागतो हे सुनंदाताईंनी ओळखलं होतं. १९९७ साली कॅन्सरने त्या गेल्या, २०२२ च्या जानेवारीत अनिल अवचटही गेले. त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम पुढे नेलं आहे.

'आपल्यासारख्याच दुसऱ्याचा हात धरून उभं राहायचं' ही कल्पना त्याआधीही होती. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूने खचलेले, एकमेकांना भेटले. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' जन्माला आलं. आज भारतातही अनेक शहरांत त्यांच्या सभा होतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, अट एकच : पिणं थांबवायची इच्छा. कुटुंबीयांसाठी 'अल-ॲनॉन' नावाचे वेगळे गट आहेत.

उपचार कसा असतो?

इथे काही गोष्टी नीट लक्षात ठेवायला हव्यात, कारण चुकलं तर जिवावर बेतू शकतं.

रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाने एका दिवसात, घरच्या घरी, डॉक्टरांशिवाय दारू बंद करू नये. अचानक बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतरच्या दोन दिवसांत भ्रम, भास, ताप आणि तीव्र थरथर अशी प्राणघातक अवस्था येऊ शकते. 'खोलीत कोंडून ठेवा, आपोआप सुटेल' हा सल्ला देणाऱ्यांना याची कल्पना नसते. डॉक्टर काही दिवस औषधं देऊन हा काळ सुरक्षित पार करून देतात, शरीरात कमी झालेलं ब-१ जीवनसत्त्व भरून काढतात.

दुसरी गोष्ट, 'रुग्णाला न कळता जेवणात मिसळा' अशा जाहिरातींच्या पुड्या. दारू नकोशी व्हावी म्हणून डायसल्फिराम नावाचं औषध १९४८ पासून वापरात आहे. ते घेऊन वर दारू प्यायल्यास छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब उतरणं असा त्रास होतो. ते रुग्णाच्या संमतीने, तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. चोरून दिल्याने माणूस दगावू शकतो. आणि जगला तरी त्याचा घरच्यांवरचा विश्वास उडतो, ते नुकसान वेगळंच. दारूची ओढ कमी करणारी दुसरी औषधंही आता आहेत. तंबाखूसाठी निकोटीनचे च्युइंगगम आणि पट्ट्या मिळतात.

तिसरी गोष्ट, केंद्र निवडताना चौकशी करा. नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ येतात का, घरच्यांना भेटू देतात का, मारहाण होते का? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी संबंधित मानसिक विकार आजारांतच धरले आहेत, आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आपल्या शहरात शासकीय मानसिक आरोग्यशाला आहे, जयारोग्य रुग्णालय आहे. सुरुवात तिथल्या बाह्यरुग्ण विभागातूनही करता येते. प्रत्येकाला भरती व्हावंच लागतं असं नाही.

आणि चौथी गोष्ट, पुन्हा घसरण. सहा महिने सोडून माणूस एखाद्या लग्नात पुन्हा घेतो आणि घरात सुतक आल्यासारखं होतं. 'गेले सगळे पैसे पाण्यात!' मधुमेहाच्या रुग्णाची साखर वाढली तर आपण 'सगळं संपलं' म्हणत नाही, डॉक्टरांकडे नेतो. इथेही तेच करायचं. कुठल्या प्रसंगाने, कुठल्या मित्राने, कुठल्या भावनेने घसरलो ते शोधायचं आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करायचं. अनेकांना कायमचं सोडण्याआधी दोन-चार वेळा प्रयत्न करावा लागतो.

घरच्यांनी काय करावं?

तो प्यायलेला असताना वाद घालू नये. त्या वेळी समोर माणूस नसतो, दारू असते. सकाळी, शुद्धीवर असताना, मुलं शाळेत गेल्यावर, शांतपणे बोलावं. 'तुम्ही असेच, तुमचं खानदानच तसं' याने दार बंद होतं. 'काल रात्री मी एक वाजेपर्यंत जागी होते, मला फार भीती वाटली. आपण दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ या, मी येते बरोबर' असं म्हटलं तर दार थोडं तरी किलकिलं होतं. थोरल्या भावाला धाकटा म्हणू शकतो, 'दादा, तू आम्हाला हवा आहेस. म्हणून बोलतोय.'

खोटं बोलून झाकणं थांबवावं, उधारी भागवणं थांबवावं. पोकळ धमक्या देऊ नयेत. जे करणार असाल तेवढंच बोलावं आणि बोललात तर करावं. मारहाण होत असेल तर सहन करणं हे पातिव्रत्य नव्हे. तिथे स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता आधी. तो उपचार घ्यायला तयार नसला तरी घरच्यांनी समुपदेशकाकडे जरूर जावं. कित्येकदा बायको किंवा आई आधी जाते आणि तिचं वागणं बदललेलं पाहून काही महिन्यांनी तो येतो.

आणि आपण सगळ्यांनी?

आपला समाज इथे लहान आहे. लष्करातल्या एका वाड्यात काही झालं की संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांत कळतं. हीच गोष्ट कुटुंबांना गप्प बसवते. पण मनात आणलं तर हीच आपली ताकदही होऊ शकते. मधुमेहावर आपण मंडळात व्याख्यान ठेवतो, तसं वर्षातून एकदा व्यसनमुक्तीवरही ठेवता येईल. गणेशोत्सवात, हळदीकुंकवाला एखाद्या समुपदेशकाला बोलावता येईल. उपचार घेऊन परतलेल्याला 'काय, सुटली का रे?' असं चारचौघांत विचारण्याऐवजी 'आरतीला ये, प्रसादाची व्यवस्था तू बघ' असं म्हणता येईल. ज्यांचं दुकान आहे, कारखाना आहे, त्यांना अशा माणसाला काम देता येईल. सुधाकरला नेमकं तेवढंच मिळालं नव्हतं.

कुणाला लगेच मदत हवी असेल तर हे क्रमांक लिहून ठेवा. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. तिन्ही ठिकाणी फोन मोफत आहे. फोन व्यसनी माणसानेच करायला हवा असंही नाही. घरातल्या कुणीही करावा, आजच करावा.